रेल्वे कंपनीचा पोलीस म्हणजे वॉचमन नव्हे

'अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांनी जरूर वाचा' असा एक फॉरवर्ड फिरतोय. आमच्या मावशीने तो थेट शिकागोतल्या नातवाला धाडला, म्हणून हे लिहिणं आलं. म्हणे तिथल्या मालगाडी कंपन्यांचे पोलीस खासगी पगारी, म्हणजे नुसते वॉचमन. त्यांना अटक करता येत नाही, कुंपणापलीकडे त्यांची हद्द संपते आणि त्यांनी दिलेली दंडाची पावती खुशाल फाडून टाकावी! वर आपल्या आरपीएफचा, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचा, दाखला.

पगार कंपनीचा, एवढं खरं. पण पोलिसी अधिकार राज्य देतं. पेनसिल्व्हेनियात ही पद्धत १८६५ पासून आहे. अमेरिकी संघीय संहितेच्या ४९व्या भागातलं कलम २८१०१ उघडून बघा, छोटंसंच आहे. एखाद्या राज्याने रीतसर पोलीस म्हणून नेमलेला कंपनीचा माणूस, त्या कंपनीची मालमत्ता असलेल्या इतर राज्यांतही तिथल्या पोलिसाच्या अधिकाराने कायदा राबवू शकतो. वॉचमनला हे कोण देतं?

कुंपणाची थाप सगळ्यात घातक. कलमात कुंपण नाहीच. मर्यादा आहे ती कामाची: कंपनीची माणसं, प्रवासी, मालमत्ता, वाहतुकीतला माल आणि देशाच्या संरक्षणासाठी रेल्वेने जाणारी सामग्री यांचं रक्षण. मॉलमधल्या तुमच्या भांडणाशी त्याला देणंघेणं नाही. पण रुळांवर सेल्फी काढून शेजारच्या गल्लीत धूम ठोकलीत, तर 'युनियन पॅसिफिक पोलीस' लिहिलेली (त्या नावाच्या मालगाडी कंपनीची) गाडी कुंपणाशी थांबून टाटा करणार नाही. साधं अतिक्रमणाचं प्रकरण, पळालात की वाढतं. वर विद्यार्थी व्हिसा. कॅनडात कायद्याने अंतर घातलंय, पण तेही कंपनीच्या मालमत्तेपासून ५०० मीटर.

पावती फाडली तरी कोर्टातलं प्रकरण फाटत नाही. आणि त्या फॉरवर्डमध्ये आरपीएफचा दाखला कशाला? ते केंद्र सरकारचं दल, कंपनीचं नव्हे.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य: मालकाच्या पगारावरचा पोलीस मालकाचीच चौकशी कशी करणार? २०१९ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फील्ड गावाजवळ कॅनेडियन पॅसिफिकची मालगाडी घसरून तीन कर्मचारी दगावले, तेव्हा तपासाला त्याच कंपनीचे पोलीस होते. त्यावर ओरड झाली, ती रास्तच होती. फॉरवर्डवाल्याने याबद्दल एक ओळ लिहिलेली नाही.