कडीवरचा हात

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं वठवून, फासे टाकून खेळायच्या खेळाची नवी, २०२४ची आवृत्ती घ्यावी की नको, या विचारात असाल तर आधी अभिनंदन. आता निदान सहा महिने तुम्हाला खेळावं लागणार नाही. शनिवारी संध्याकाळी फासे आणि वेफर्स घेऊन जरूर बसा, फक्त खेळ तेवढा सुरू करू नका. आमची मंडळी दिवाळीच्या आधी भुयारातल्या एका दाराशी पोहोचली होती. पॅलाडिनने, म्हणजे आमच्यातल्या धर्मयोद्ध्याने, कडीला हात घातला आणि तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "आपण २०१४चे नियम लावतोय की २०२४चे?" हात अजून कडीवरच आहे.

निर्णय घ्यायचा तर इतिहासापासून घ्यावा. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ तीन पातळ पुस्तिका खोक्यात घालून विकायला आला. इतक्या कमी पानांत भांडणार तरी किती? पुढे सोय झाली. २००० साली तिसरी आवृत्ती आली आणि तीनच वर्षांत साडेतिसरी. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शहाणे आणि साडेतीन शक्तिपीठं सांभाळणाऱ्या आपल्या लोकांना या आकड्याचं नवल वाटायला नको. २००८च्या चौथीवर तर लोक इतके रुसले की साडेतिसरीलाच नवे कपडे चढवून २००९ साली 'पाथफाइंडर' नावाचा वेगळा संसार थाटला गेला. तुमच्या ग्रुपात अजून 'थॅको'चं, म्हणजे वार लागला की नाही हे ठरवायचं जुन्या आवृत्तीतलं, गणित तोंडी करणारे एखादे काका असतील, तर त्यांना मुद्दाम बोलवा. त्यांच्या मते खेळ २०००मध्येच संपला. चहा होईपर्यंत ते कारणं सांगतील.

मग प्रत्यक्ष नियमांकडे वळा. नव्या प्लेअर्स हँडबुकात, म्हणजे खेळाडूंच्या नियमपुस्तकात, ३८४ पानं आहेत, ती वाचायची चूक करू नका. दोन व्हिडिओ पाहून मत बनवा. उदाहरणार्थ, औषधाची बाटली आता बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे पाळीतल्या मुख्य कृतीखेरीजच्या जादा कृतीत, पिता येते. तुम्ही हे कित्येक वर्षं घरचा नियम म्हणून करतच होतात. आता तेच छापून आलंय, तर विकत घ्यायला हवं. आपल्याच घरच्या लोणच्याला दुकानाचं लेबल लागलं की चव वाढतेच.

पॅलाडिनवाल्याला मात्र सांभाळून घ्या. पूर्वी तो एकाच पाळीत दोनदा 'स्माइट', म्हणजे दैवी बळाचा जादा तडाखा, हाणायचा. आता तो मंत्र झालाय, बोनस ॲक्शन खातो आणि पाळीला एकदाच. आमच्या पॅलाडिनने ही बातमी कळल्यावर कॅरेक्टर शीटची चार वेळा घडी घातली आणि खिशात टाकली. 'क्युअर वून्ड्स' हा मंत्र आता एकाऐवजी दोन फाशांनी जखमा भरतो, असं सांगून आमच्या क्लेरिकने, म्हणजे पुजाऱ्याने, त्याची समजूत काढू पाहिली. दुसऱ्याच्या फाशांनी कुणाचं समाधान झालंय?

तत्त्वाचा प्रश्नही विसरू नका. २०२३च्या जानेवारीत खेळाची मालक कंपनी, विझर्ड्स ऑफ द कोस्ट, इतरांना या नियमांवर पुस्तकं काढू देणारा जुना खुला परवाना गुंडाळू पाहत होती, तेव्हा तुम्ही रागाच्या भरात तिची ऑनलाइन वर्गणी बंद केली होती. त्याच महिन्यात कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या, कुणालाही वापरू देणाऱ्या परवान्याखाली मोकळे केले. तरी राग जपून ठेवा, पुस्तकाची किंमत बघताना कामाला येतो. शिवाय कंपनी याला सहावी आवृत्ती म्हणतच नाही. नवी पुस्तकं, नवे नियम आणि तरीही ही २०१४ची पाचवीच. 'मी बदललो नाही, फक्त बारीक झालो,' असं सांगणारा तुमचा मावसभाऊ आठवा.

शेवटी मतदान घ्या. आम्ही तीनदा घेतलं. दोघं नवीच्या बाजूने, दोघं जुनीच्या, आणि पाचवा बुद्धिबळाला जातो म्हणून गेलाय.

बाकी, त्या दारामागे काय आहे ते डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणून मला ठाऊक आहे. एक झाडू आणि एक बादली. पण इतके महिने ताटकळलेल्या माणसांना झाडू दाखवायची लाज वाटते. म्हणून मी बादलीचा मिमिक करून टाकलाय, वस्तूचं सोंग घेऊन चावणारा. आता तो २०१४चा घ्यावा की २०२५च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला, एवढंच ठरायचं राहिलंय.