‘स्थिर ऑटोट्यून’विषयीच्या संदेशाबाबत खुलासा
ऑटोट्यून म्हणजे मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या ड्राइव्हने मोटरचे विद्युत गुणधर्म आपोआप मोजून घेणे; स्थिर प्रकारात ते मोटर न फिरवता होते. गोव्यातील वेर्णा, कुंडई येथील औद्योगिक वसाहतींतील देखभाल कामगारांत ‘स्थिर ऑटोट्यूनमध्ये मोटर फिरत नाही, म्हणून टर्मिनल बॉक्सचे झाकण उघडे असले तरी चालते’ असा संदेश फिरत आहे. तो चुकीचा आहे. वाइंडिंगचा रोध मोजण्यासाठी ड्राइव्ह मोटरमध्ये करंट सोडतो, त्यामुळे मोटरची यू, व्ही, डब्ल्यू ही तीन टर्मिनल्स त्या वेळी लाइव्ह (वीजप्रवाहित) असतात, शाफ्ट किंचित हलूही शकतो, आणि पुरवठा तोडल्यावरही ड्राइव्हमधील डीसी बसचे (आतल्या डीसी पुरवठ्याचे) कपॅसिटर काही मिनिटे भारित राहतात. डिस्प्ले विझला एवढ्यावर विसंबू नये, व्होल्टेज मीटरने मोजावे. फिरत्या ऑटोट्यूनमध्ये मोटर बऱ्याच वेगाने फिरते, तेव्हा त्याआधी मोटर व यंत्र जोडणारे कपलिंग सोडवावे. मोटरच्या नेमप्लेटवरील (माहितीच्या पाटीवरील) करंट वाइंडिंगची स्टार-डेल्टा जोडणी पाहूनच ड्राइव्हमध्ये भरावा. खाऱ्या हवेने गंजलेली पाटी अंदाजाने वाचणे हे धाडस नव्हे, निष्काळजीपणा आहे.