कंपनी बुडाली म्हणून हक्क आपोआप घरी येत नाहीत

जाहिराती आणि मालिकांना पार्श्वसंगीत देणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. संगीताचे परवाने विकणारी कंपनी, म्हणजे ज्याला आपण लायब्ररी म्हणतो ती, बंद पडली तर संगीतकाराने काय करायचं याची पाच कलमी गुरुकिल्ली. एक, कंपनी बंद झाली की तिच्याकडचं संगीत सार्वजनिक होतं. दोन, करार त्याच दिवशी रद्द होतो, सगळे हक्क आपोआप संगीतकाराकडे येतात, वेगळं काही करायची गरज नाही. तीन, कंपनीने आधी दिलेले परवानेही रद्द होतात, त्यामुळे जुन्या गिऱ्हाइकांकडून नव्याने पैसे मागता येतात. चार, थकलेली रॉयल्टी बुडाली, तिच्या नादी लागू नका. पाच, कॉपीराइट सोसायटीकडून, म्हणजे संगीत वाजल्याची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेकडून, येणारी रॉयल्टीही आता थांबणार.

पहिले दोन मुद्दे एकमेकांच्या उरावर बसलेत हेही लिहिणाऱ्याला कळलेलं नाही. संगीत सगळ्यांचं झालं असेल तर हक्क तुमच्याकडे कुठले परत यायचे? तरीही लोक ‘अत्यंत उपयुक्त, जपून ठेवा’ म्हणत पुढे ढकलतायत. माझ्या मामेभावाने हा मला पाठवला तेव्हा त्याच्यापुढे दुसऱ्या लायब्ररीचा एक्स्क्लुझिव्ह, म्हणजे ट्रॅक फक्त त्यांनाच द्यायचे असा, करार होता आणि फक्त सही बाकी होती. ‘जुनी कंपनी गेली ना, मग ट्रॅक माझेच की,’ इतकाच त्याचा हिशोब. लोकांचे करार वाचून देणं हा माझ्या कामाचा भाग आहे, त्यामुळे घरातलाच माणूस असा फसायला निघालेला बघून डोकं फिरलं.

पहिल्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. कॉपीराइटची मुदत कंपनीच्या आयुष्यावर मोजत नाहीत, संगीतकाराच्या आयुष्यावर मोजतात. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार हयातभर आणि पुढे किमान ५० वर्षं, भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हयातीनंतर ६० वर्षं. कर्त्याला स्वतःहून हक्क सोडायचा असेल तरी कलम २१ प्रमाणे कॉपीराइट रजिस्ट्रारला नोटीस द्यावी लागते किंवा जाहीर नोटीस काढावी लागते. कंपनीची वेबसाइट उघडेनाशी होणं यात कुठेच बसत नाही.

खरा घात दुसऱ्या मुद्द्यात आहे.

हक्क परत येणार की नाही हे तुम्ही कशावर सही केली होती त्यावर ठरतं. करार काढा. जुन्या मेलमध्ये पीडीएफ सापडेल. त्यात ‘ग्रँट ऑफ राइट्स’ नावाचं कलम असतं, बहुधा पहिल्याच पानावर. तिथे हक्क कंपनीच्या नावावर केलेत, म्हणजे ‘असाइन’ केलेत, की फक्त परवाना दिलाय ते बघा. नॉन-एक्स्क्लुझिव्ह परवाना असेल तर तुम्ही कंपनी धडधाकट असतानाही तोच ट्रॅक दुसरीकडे देऊ शकत होतात. एक्स्क्लुझिव्ह परवाना असेल तर मालकी तुमचीच, पण करार त्यातल्याच पद्धतीने संपवावा लागतो. आणि असाइन केलं असेल, वर ‘इन पर्पेच्युइटी’ (कायमचं) आणि ‘सक्सेसर्स अँड असाइन्स’ (कंपनीनंतर तिची जागा घेणारे किंवा तिच्याकडून हक्क घेणारे) हे शब्द असतील, तर तो ट्रॅक कंपनीची मालमत्ता आहे. घर विकल्यावर घेणाऱ्याचं दिवाळं निघालं म्हणून सातबारा पुन्हा आपल्या नावावर होतो का? घेणेकरी ते घर विकून आपले पैसे वसूल करतात. लायब्ररीकडे विकण्यासारखं दुसरं असतं तरी काय? दोन कॉम्प्युटर आणि कॅटलॉग, म्हणजे जमवलेले सगळे ट्रॅक. लिलावात कॅटलॉगच जाणार, आणि तुमचे ट्रॅक त्यात असणार.

ब्रिटनमधली तऱ्हा तर आणखी वेगळी. तिथल्या २००६ च्या कंपनी कायद्याचं कलम १०१२ सांगतं, की कंपनी विसर्जित होताना तिच्या नावावर जे उरलं असेल ते राजसत्तेकडे जातं. कॉपीराइटसुद्धा. म्हणजे तुम्ही कायमची लिहून दिलेली धून कंपनीने विसर्जनाआधी कुणाला विकली नाही, तर ती तुमच्या घरी न येता थेट राजाकडे जमा. शिवाय कोर्टाकडून आदेश मिळवून ती कंपनी ६ वर्षांच्या आत पुन्हा नोंदणीवर आणता येते. ‘माझ्या कराराचा ब्रिटनशी काय संबंध’ म्हणाल, तर शेवटच्या पानावरचं ‘गव्हर्निंग लॉ’, म्हणजे कराराला कुठल्या देशाचा कायदा लागू ते सांगणारं कलम, वाचा. तिथे कुठल्या देशाचं नाव आहे हे बहुतेकांनी सही करताना पाहिलेलंच नसतं.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. भारतीय कॉपीराइट कायद्यात हक्क आपोआप परत येण्याची थोडी सोय आहे, आणि फॉरवर्डवाल्याने बहुतेक तीच अर्धवट ऐकलीय. कलम १९ म्हणतं, की हक्क लिहून घेणाऱ्याने ते एका वर्षात वापरले नाहीत तर हस्तांतर संपतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरायची. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. कलम ३० अ मुळे हे परवान्यांनाही लागू होतं. पण एक वर्षाच्या अटीला ‘करारात वेगळं ठरलं नसेल तर’ अशी पळवाट आहे, आणि मुदत किंवा प्रदेश कोरा सोडणारी लायब्ररी मी अजून पाहिलेली नाही. कायमस्वरूपी, जगभर, हे दोन्ही छापलेलंच असतं. आणि यातल्या कशालाही कंपनी बंद पडावी लागत नाही. ती जोरात चालू असली तरी हे नियम तसेच.

त्याच कायद्यातल्या ज्या दोन गोष्टी खरोखर तुमच्या आहेत, त्यांचा फॉरवर्डमध्ये पत्ता नाही. कलम ५७: हक्क पूर्ण विकले तरी कृती तुमची आहे हे सांगण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो. आणि कलम १८ मधली २०१२ ची दुरुस्ती: चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात घेतलेल्या संगीताच्या रॉयल्टीतला संगीतकाराचा समान वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कुणालाही लिहून देता येत नाही. चित्रपटगृहात चित्रपटासोबत वाजणं तेवढं यातून वगळलंय. उद्या कॅटलॉग कुणी विकत घेतला तर त्यालाही हा वाटा चुकत नाही.

आता मामेभावाने सही केली असती तर काय झालं असतं ते बघू. नव्या करारात एक कलम असतं: या ट्रॅकचे सर्व हक्क माझ्याकडे आहेत, आणि तसं नसल्यामुळे कंपनीचं नुकसान झालं तर ते वकिलाच्या फीसकट मी भरून देईन. जुन्या लायब्ररीने तोच ट्रॅक एखाद्या एजन्सीमार्फत यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे व्हिडिओतलं संगीत ओळखून मालकाच्या नावाने दावा लावणाऱ्या यंत्रणेत, घालून ठेवलेला असतो. लायब्ररी बुडाली तरी ती नोंद स्वतःहून निघत नाही. नव्या लायब्ररीकडून कुणीतरी ट्रॅक घेतो, जाहिरात चढवतो, आणि दुसऱ्याच दिवशी त्या जाहिरातीवर मेलेल्या कंपनीच्या नावाने दावा. गिऱ्हाईक लायब्ररीवर ओरडतं, लायब्ररी ते वरचं कलम उघडते, आणि बिल तुमच्या दारात. ‘वेगळं काही करायची गरज नाही’ या वाक्याची ही किंमत.

करायचं ते असं. करारातलं ‘नोटीस’ कलम बघून त्यात लिहिलेल्या पत्त्यावर लेखी नोटीस पाठवायची. मेल परत आला तर कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर, आणि लिक्विडेटर, म्हणजे बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा अधिकारी, नेमला असेल तर त्याच्याकडे. करार संपवायचाय हे स्वच्छ लिहायचं, ट्रॅकची यादी जोडायची आणि कंटेंट आयडीतली नोंद काढायला सांगायचं. पोर्टल अजून उघडत असेल तर आधी आपली सगळी स्टेटमेंट आणि परवान्यांच्या नोंदी उतरवून घ्या. तुमचा ट्रॅक कुणाला, किती मुदतीसाठी दिला हे सांगणारं दुसरं काही कुणाकडे नसतं.

तिसरा मुद्दा वाचून मी कपाळावर हात मारला. ज्याने चालू कंपनीला पैसे मोजून रीतसर परवाना घेतला त्याला पुन्हा नोटीस पाठवायची? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मिशन प्रॉडक्ट विरुद्ध टेम्पनॉलॉजी या खटल्यात हा प्रश्न निकाली काढलाय. दिवाळखोर कंपनीने करार पुढे चालवायला नकार दिला तर तो करारभंग ठरतो, पण आधी दिलेला परवाना त्यामुळे मागे घेता येत नाही. निकाल ८ विरुद्ध १. खटला कपड्यांच्या ट्रेडमार्कचा होता, संगीताचा नव्हता, पण तत्त्व तेच. तुम्ही दिलेला परवाना संपला तरी त्याखाली आधी दिलेले परवाने चालू राहतील, असं लायब्ररीच्या करारात बहुधा वेगळं लिहिलेलंही असतं. तरीही अशा नोटिसा पाठवून बघा. पुढच्या वेळी तो निर्माता तुमचा फोनही उचलणार नाही.

चौथ्यात मात्र निम्मं तथ्य आहे. भारताच्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत पैसे वाटण्याचा क्रम कलम ५३ मध्ये दिलाय: आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारण असलेले घेणेकरी, मग इतर कर्मचारी, मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकारी देणी. रॉयल्टी थकलेला संगीतकार येतो त्याच्याही नंतर, ‘उरलेली देणी’ या खान्यात. तिथवर क्वचितच काही पोचतं. पण नादी लागू नका हा सल्ला चूक आहे. लिक्विडेटरकडे दावा करायला कलम ३८ प्रमाणे ३० दिवस असतात, त्यासाठी एक फॉर्म भरावा लागतो, आणि दावाच केला नाही तर शून्य नक्की. शिवाय तुमचा वाटा कंपनी विश्वस्त म्हणून सांभाळेल असं करारात असेल तर ते पैसे कंपनीचे नाहीतच. कलम ३६ नुसार दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून ठेवलेली मालमत्ता वाटपात धरत नाहीत. ते वाक्य आहे का ते बघा.

पाचवा मुद्दा सरळ चूक. आयपीआरएससारख्या कॉपीराइट सोसायट्या संगीतकाराचा वाटा संगीतकारालाच देतात. लायब्ररीला मिळतो तो प्रकाशकाचा, म्हणजे संगीताचे हक्क हाताळणाऱ्याचा, वाटा. ती बुडाली तर तेवढा अडकतो. फक्त एक भानगड बघून घ्या. नॉन-एक्स्क्लुझिव्ह लायब्ररी बरेचदा तुमच्या ट्रॅकला नवं नाव देऊन तोच पुन्हा नोंदवतात, आणि क्यू शीटवर, म्हणजे कार्यक्रमात कुठलं संगीत वाजलं त्याच्या यादीवर, तेच नवं नाव जातं. म्हणून सोसायटीच्या यादीत ट्रॅकच्या नावाने शोधू नका, स्वतःच्या नावाने शोधा. प्रकाशकाच्या खान्यात बंद कंपनी दिसली तर करार संपल्याच्या नोटिशीची प्रत जोडून सोसायटीला लिहा. ती प्रत अर्थात नोटीस पाठवली असेल तरच असते.