कागद नाही, मग किंमत कसली?

ठाण्यात नौपाड्यातलं पुस्तकांचं दुकान असो की वाशीतलं ग्रंथप्रदर्शन, ई-बुकचा विषय निघाला की सवाल ठरलेला: कागद नाही, छपाई नाही, मग दीडशे रुपये कशाचे? सवाल रास्त आहे, पण संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ यांचा खर्च ई-बुकलाही सुटत नाही. शिवाय पैसा कुठे झिरपतो, ते या वादात कोणी पाहतच नाही.

अ‍ॅमेझॉनच्या किंडल या ई-बुक मंचावर स्वतः ई-बुक काढणाऱ्याला किमतीचे 35 किंवा 70 टक्के मिळतात. भारतातल्या विक्रीवर 70 हवे असतील तर 90 दिवसांच्या करारात ते ई-बुक दुसरीकडे कुठेही विकता येत नाही. शिवाय 70च्या दरात आधी पाठवणीचे, म्हणजे वाचकाकडे फाइल पोचवण्याचे, दर एमबीला 7 रुपये कापतात. 35च्या दरात ही कपात नाही. आता जुनं मराठी पुस्तक घ्या. ते युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षर-संकेताच्या, आधीच्या फाँटमध्ये जुळवलेलं. रूपांतर केलं की रफार सरकतात, जोडाक्षरं फुटतात, सगळं पुन्हा तपासावं लागतं. तो व्याप टाळून पानांची चित्रंच चढवली की फाइल 15 एमबीवर जाते. कर बाजूला ठेवून हिशेब करा: 150 रुपयांतले 105 पाठवणीत गेले, उरलेल्या 45चे 70 टक्के म्हणजे साडेएकतीस. 35च्या दरानेही साडेबावन्न मिळाले असते! तेच पुस्तक युनिकोडमध्ये 1 एमबीचं केलं तर हातात 100 रुपये पडतात. मुद्रितशोधकाला दिलेले पैसे असे वसूल होतात.

इथे जर्मनीत किंमत प्रकाशक ठरवतो आणि प्रत्येक दुकानदाराला तीच घ्यावी लागते. 2016पासून कायद्यात ई-बुकचाही स्पष्ट उल्लेख आहे. तो कायदा आपल्याकडे लगेच आणू नये असं माझं मत आहे. सवलतीची सवय झालेला वाचक दुरावेल. कराचं मात्र जर्मनीकडून जरूर घ्यावं. इथे 2019च्या डिसेंबरपासून छापील पुस्तक आणि ई-बुक दोन्हींवर 7 टक्केच. आपल्याकडे छापील पुस्तकाला जीएसटी नाही, ई-बुकला 5 टक्के, आणि छापील आवृत्तीच नसेल तर 18! फक्त ई-बुक काढणाऱ्या नव्या लेखकावर हा सरळ अन्याय आहे.

ठाण्याच्या प्रकाशकांना आणखी एक सांगणं. प्रत्येक देशाची किंमत वेगळी टाकता येते, ती रुपयावरून आपोआप ठरू देऊ नका. युरोपात 70 टक्क्यांसाठी किमान 2.69 युरो लागतात, आणि भारतासारखी कराराची अट नाही. 3.99 ठेवले तर कर आणि पाठवणी वजा जाता सुमारे अडीच युरो मिळतात, म्हणजे भारतात विकलेल्या दोन प्रतींहून जास्त. छापील पुस्तक मागवायचं तर टपालखर्चच त्याहून मोठा, त्यामुळे इथला मराठी वाचक ही किंमत खुशीने देईल.