फ्लेमिंगो आले म्हणून खाडी स्वच्छ ठरत नाही

थंडी पडू लागली की ठाणे, ऐरोली, शिवडीकडच्या व्हॉट्सॲप गटांत गुलाबी थव्यांचे फोटो येतात आणि त्यांच्याखाली ठरलेला मजकूर असतो. थोडक्यात तो असा : लाखभर फ्लेमिंगो येतात म्हणजे खाडी स्वच्छ आहे. पाणी विषारी असतं तर ते आलेच नसते. पारा ही जुन्या कारखान्यांची गोष्ट, ते केव्हाच बंद पडले. आणि थोडाफार पारा असलाच तर तो मासे खाणाऱ्या पक्ष्यांना बाधतो, बाकीचे तो पिसांवाटे टाकून देतात. मेलेले पक्षी कुठे दिसतात का?

पुढे पाठवणाऱ्यांचं खाडीवर प्रेम आहे यात शंका नाही. या मजकुरातला पिसांचा मुद्दा तर अर्धा खराही आहे. त्यावर नंतर येतो.

आधी फ्लेमिंगो. ते इथे मोठ्या संख्येने दिसू लागले 1990 च्या दशकात, म्हणजे काठावरची वस्ती आणि खाडीत येणारं सांडपाणी दोन्ही वाढत असताना. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ पोसतं, आणि लहान फ्लेमिंगो (लेसर फ्लेमिंगो ही जात) याचं मुख्य अन्न म्हणजे असलं सूक्ष्म शेवाळच. थवे अन्नाच्या मागे येतात. पाऱ्याचं जे रूप घातक, ते मिथाइल मर्क्युरी, त्याला रंग नाही की वास नाही. ते ओळखून पक्षी जागा सोडतील ही अपेक्षाच चुकीची. त्यातून पारा अन्नसाखळीत जितकं वर जावं तितका साठत जातो आणि शेवाळ खाणारा लहान फ्लेमिंगो त्या साखळीत अगदी खालच्या पायरीवर आहे. पाऱ्याच्या खटल्यात याच्याइतका कुचकामी साक्षीदार शोधून सापडणार नाही. विचारायचंच तर चिखलातले किडे-कृमी टिपणाऱ्या चिखल्यांना, तुतारींना विचारा, किंवा कुरवांना (सीगल).

आता जुने कारखाने. ठाणे खाडीतल्या पाऱ्यावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे झिंगडे आणि देसाई यांनी 1981 मध्येच शोधनिबंध लिहिला होता. उल्हास खाडीच्या गाळातल्या पाऱ्यावरचा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. या कारखान्यांतली कॉस्टिक सोडा बनवण्याची जुनी पद्धत पाऱ्याच्या घटांची, म्हणजे पारा वापरूनच चालणारी होती. ती देशात जवळपास हद्दपार झाली हे खरं, आणि चांगलंच झालं. पण पारा हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, त्याचं विघटन होत नाही. जे गाळात बसलं ते बसलं. खारफुटीच्या काळ्या, प्राणवायू नसलेल्या चिखलात सल्फेटवर जगणारे जीवाणू असतात, आणि साध्या पाऱ्याचं मिथाइल मर्क्युरी करण्याचं काम प्रामुख्याने त्यांचंच.

‘केव्हाच बंद पडले’ म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतल्या व्हर्जिनियातली साउथ रिव्हर पाहावी. वेन्सबरो इथल्या ड्यूपाँट या रसायन कंपनीच्या कारखान्यात 1929 ते 1950 या काळात पारा वापरला गेला. डॅन क्रिस्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काठावरच्या पक्ष्यांचं रक्त तपासून 2008 मध्ये निष्कर्ष छापले, म्हणजे वापर थांबल्यावर जवळजवळ साठ वर्षांनी. पारा तिथे होताच. आणि माशाला कधी चोच न लावणाऱ्या, झाडाझुडपांत राहणाऱ्या छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांमध्ये तो मत्स्याहारी पक्ष्यांइतका, काहींमध्ये जास्तही निघाला. वाट होती कोळ्यांची (कोळी म्हणजे स्पायडर). कोळी स्वतः शिकारी, त्यामुळे कोळी खाणाऱ्या पक्ष्याच्या तोंडी साखळीची एक पायरी वाढूनच पारा येतो. ‘फक्त मासे खाणाऱ्यांना’ हा मुद्दाही इथेच निकालात निघतो.

आता पिसं. मिथाइल मर्क्युरी पिसांतल्या केराटिन या प्रथिनाच्या गंधकाला घट्ट चिकटतो, त्यामुळे नवी पिसं उगवताना शरीरातला बराचसा पारा त्यांत जातो. इथपर्यंत फॉरवर्ड बरोबर आहे. पण पीस पूर्ण वाढलं की त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती वाट पुढच्या पीसगळतीपर्यंत बंद. पिसं बदलतात वर्षातून एकदा, फार तर दोनदा. मधल्या महिन्यांत चिखलातून पोटात गेलेला पारा रक्तात, यकृतात, स्नायूंत राहतो.

आणि स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यासाठी नेमका स्नायू हाच नाजूक भाग. लांबच्या उड्डाणात चरबीबरोबर तो स्वतःचे स्नायूही जाळतो. 2016 मध्ये चॅड सीवॅगन आणि सहकाऱ्यांनी झेब्रा फिंच पक्ष्यांना पारामिश्रित अन्न दिलं आणि मग लांबच्या उड्डाणाची नक्कल म्हणून उपाशी ठेवलं. चरबी सोडून बाकीचं वजन 6 ते 16 टक्के घटलं आणि रक्तातला पारा सरासरी 11-12 टक्के चढला. पुढे कॅनडात वाऱ्याच्या बोगद्यात वॉर्बलर हे छोटे स्थलांतरी पक्षी उडवले, तेव्हा पारा खाल्लेले पक्षी कमी वेळ उडू शकले. आपल्या चिखलात हिवाळा काढून सैबेरियाकडे परतणाऱ्या तुतारीचा विचार करताना हे प्रयोग डोळ्यांसमोर ठेवावेत.

म्हणूनच ‘मेलेले पक्षी कुठे दिसतात’ हा प्रश्न मला सगळ्यात फसवा वाटतो. वाटेत दमून कोसळलेला पक्षी ऐरोलीच्या जेट्टीवर सापडणार नाही. शिवाय पाऱ्याने मरावंच लागतं असं नाही. फ्लोरिडात फ्रेडरिक आणि जयसेना यांनी पांढऱ्या आयबिसना (बाकदार चोचीचे पाणपक्षी) तीन वर्षं अगदी थोड्या मात्रेत मिथाइल मर्क्युरी दिलं. पक्षी धडधाकट दिसत होते, पण बरेच नर नरांशीच जोड्या जमवू लागले आणि पिल्लं कमी झाली. खाडीवर दुर्बीण लावून यातलं काय दिसणार?

‘पारा निसर्गातही असतोच’ अशी पुरवणी कधी कधी जोडलेली असते. असतो. पण संयुक्त राष्ट्रांच्या 2018 च्या अहवालाप्रमाणे 2015 या एका वर्षात माणसाने हवेत सोडलेला पारा सुमारे 2,220 टन होता. त्यात सोन्याच्या छोट्या खाणींचा वाटा 38 टक्के, कोळसा जाळणाऱ्या भट्ट्यांचा 21.

ठाण्याचे फ्लेमिंगो पाऱ्याने मरताहेत असं मी म्हणत नाही. ते येतात एवढ्यावरून खाडीची तपासणी झाल्यासारखं वागू नये, एवढंच म्हणणं आहे. तपासणीचा मार्ग स्वीडनने 1966 मध्येच दाखवला. तिथे संग्रहालयात गेल्या शंभरेक वर्षांत जमलेल्या गोशॉक या शिकारी पक्ष्यांच्या पिसांतला पारा मोजला, तेव्हा 1940 च्या दशकापासून पारा एकदम चढलेला दिसला. बियाण्यांना चोळायचं पारायुक्त औषध हे त्याचं कारण होतं, आणि त्याच वर्षी स्वीडनने त्या औषधावर बंदी घातली. मुंबईत बीएनएचएसकडे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) जुन्या पक्ष्यांचे हजारो नमुने आहेत आणि खाडीवर पायात ओळखीची रिंग घालायला आजही पक्षी पकडले जातात. दोन्हींची पिसं शेजारी ठेवून मोजता येतील. एक पथ्य मात्र पाळावं लागेल : जुने नमुने टिकवायला पाऱ्याचे क्षार वापरायची पद्धत होती, त्यामुळे एकूण पारा मोजून चालणार नाही, मिथाइल मर्क्युरीच वेगळा मोजावा लागेल.