सौ. किरण किरण

विवाहित स्त्रीच्या नावात मधोमध नवऱ्याचे नाव बसवण्याची आपल्याकडे जी पद्धत आहे, तिच्याविरुद्ध माझी तात्त्विक तक्रार काही नाही. माझी तक्रार एवढीच आहे, की ज्याने कोणी ती सुरू केली, त्याने माझ्या लग्नाचा विचार केलेला नव्हता. माझे नाव किरण आहे आणि माझ्या पत्नीचे नावही किरण आहे. त्यामुळे यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील आमच्या गावात 'किरण किरण' आणि त्यापुढे आमचे आडनाव, अशा नावाची एक स्त्री राहते. मात्र ती खरोखरच अस्तित्वात आहे, हे अद्याप कोणत्याही संगणकाला पटलेले नाही.

तालुक्याच्या ठिकाणी ज्या मेजावर आम्ही तिचा अर्ज ठेवतो, त्यामागचा गृहस्थ आधी अर्जाकडे पाहतो, मग आमच्याकडे पाहतो, आणि "नाव दोनदा पडलं वाटते, भाऊ," असे म्हणून मोठ्या उपकारबुद्धीने त्यातील एक किरण खोडून टाकतो. अर्ज पुढच्या मेजावर जातो. तेथे पतीचे नाव लिहिलेले नाही, या कारणास्तव तो नामंजूर होऊन परत येतो. आम्ही खोडलेला किरण पुन्हा लिहितो, अर्ज पुन्हा पहिल्या मेजावर जातो, आणि तेथील गृहस्थ, या वेळी थोड्या नाराजीने, त्याला पुन्हा खोडतो. आम्हा दोघांचे अर्ज एकाच दिवशी गेले, तर अनर्थ याहून मोठा होतो. एकच आडनाव, एकच गाव, एकच पत्ता आणि एकच नाव पाहून यंत्र असा निष्कर्ष काढते, की एका लबाड माणसाने एकाच लाभासाठी दोनदा अर्ज केला आहे, आणि न्यायबुद्धीने ते दोन्ही अर्ज रोखून धरते. मग आपण दोन निरनिराळी माणसे आहोत, हे सिद्ध करण्यासाठी आम्हाला जोडीने रांगेत उभे राहावे लागते. नवराबायको एकजीव असावेत, अशी आशीर्वादपर वाक्ये लग्नात बोलणाऱ्या मंडळींपैकी त्या वेळी कोणीही सोबतीला येत नाही.

या सगळ्याचे मूळ माझ्या आत्याकडे जाते. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा असतो, आणि आमच्या आत्याने तो मान माझ्या जन्माच्या दोन-तीन महिने आधीच बजावून टाकला होता. तिचा स्वभाव अतिशय काटकसरी. मुलासाठी एक आणि मुलीसाठी एक अशी दोन नावे शोधायची आणि त्यातले एक वाया घालवायचे, हे तिच्या बुद्धीला पटणारे नव्हते. "पोट्टा होवो का पोट्टी होवो, नाव रिकामं नाही जायचं," असे म्हणून तिने किरण हे नाव पक्के केले. शाळेत त्याचे परिणाम दिसू लागले. चोर-पोलीस खेळताना मला नेहमी पोलीस करीत, कारण १९७२ साली भारतीय पोलीस सेवेत दाखल झालेली पहिली स्त्री माझ्या नावाची होती. आणि क्रिकेट खेळताना मला यष्ट्यांमागे उभे करीत, कारण किरण मोरे तेथे उभे राहत. मला स्वतःला फलंदाजी आवडत असे, पण हा मुद्दा कोणीही विचारात घेतला नाही.

तरीही लग्न ठरेपर्यंत सगळे सहन होण्यासारखे होते. मुलीचे नाव कळल्यावर घरात पहिल्यांदा हसू आणि दुसऱ्यांदा शांतता पसरली. तिसऱ्यांदा थोरले काकाजी बोलले, आणि ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिण्याची पद्धत नेमकी अशाच अडचणींसाठी आहे, असा निवाडा त्यांनी दिला. मुलीने नम्रपणे सांगितले, की दहावीपासून बी.एड.पर्यंतच्या सगळ्या गुणपत्रिका याच नावाने आहेत. नाव एकच बदलायचे असेल, तर ज्याच्याकडे गुणपत्रिका कमी आहेत त्याचे बदलावे. माझ्या गुणपत्रिका किती आहेत, हे सगळ्यांना ठाऊक होते. पण मुलाचे नाव लग्नात बदलण्याची कल्पनाच इतकी अघटित होती, की वरण थंड होईपर्यंत त्यावर कोणी बोलले नाही.

काकाजी मराठीचे निवृत्त शिक्षक असल्यामुळे त्यांनी शेवटी व्याकरणाचा आधार घेतला. किरण हा संस्कृतात पुल्लिंगी शब्द आहे, सबब नाव मुलाचेच आहे, आणि मुलीच्या वडिलांनी ते अनवधानाने उचलले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर भावी सुनेने विचारले, की मग मराठीत अनेक लोक 'सूर्याची किरणे' कशी म्हणतात. ती तर नपुंसकलिंगी होतात. काकाजी म्हणाले, की तसे म्हणणाऱ्यांना त्यांनी आयुष्यभर गुण कमी दिले आहेत. वाद वाढला तेव्हा कपाटातून कोश निघाला, आणि त्यात असे सापडले, की हा शब्द विखुरणे या अर्थाच्या 'कॄ' धातूपासून आला असून ऋग्वेदात त्याचा अर्थ प्रकाशाची शलाका असा नसून बारीक धूळ असा आहे. वैशाखात आमच्या गावातून एखादी एस.टी. गेली, की माझ्या नावाचा वैदिक अर्थ किती वेळ हवेत तरंगत राहतो, हे ज्याने पाहिले आहे, त्याला या नावावर स्वामित्व सांगण्यात फारसे स्वारस्य उरत नाही. काकाजींनी कोश मिटला आणि दोन्ही नावे कायम राहिली.

खरी कसोटी आजीची होती. नवऱ्याचे नाव उच्चारायचे नाही, हा नियम तिने जन्मभर पाळला होता. नवी सून शेजारणीला आपले नाव सांगू लागली, की आजी कानावर हात ठेवून "मायबाई, नवऱ्याचं नाव घेते का व!" असे म्हणत असे. सुनेने आपले स्वतःचे नाव सांगणेच मर्यादेबाहेरचे ठरल्यामुळे काही दिवस तिला स्वतःविषयी 'मी' या सर्वनामावरच भागवावे लागले. आशाताई घरोघरची माहिती लिहायला आली आणि तिने नाव विचारले, तेव्हा सून आजीकडे पाहू लागली. आणि नातवाचे नाव घ्यायला आजीला कोणतीच आडकाठी नसल्यामुळे शेवटी आजीनेच नाव सांगितले. मात्र उखाण्याच्या वेळी नियम उलटा होतो आणि नाव घ्यावेच लागते. त्या वेळी तिने घेतलेला उखाणा गावात अजून सांगितला जातो: "पऱ्हाटीला बोंड, बोंडात सरकी, किरणचं नाव किरण घेते, आता मी नाही परकी." यातली कोणती किरण कोणाचे नाव घेते आहे, यावर बायकांत बराच वेळ चर्चा झाली.

पुढे आम्हाला या विषयाचा नादच लागला, आणि जगात इतरत्र आमच्यासारख्यांची काय व्यवस्था आहे, याची आम्ही चौकशी सुरू केली. त्यासाठी फार दूर जावे लागले नाही. गव्हाच्या हंगामात पंजाबातून हार्वेस्टर घेऊन येणाऱ्या गुरप्रीतला मी माझी व्यथा सांगितली, तेव्हा त्याला त्यात व्यथा कोणती हेच कळेना. त्यांच्याकडे गुरप्रीत, मनप्रीत, हरमनप्रीत ही नावे मुलांची आणि मुलींचीही. पुढे सिंग लागले की पुरुष आणि कौर लागले की स्त्री, एवढ्यावर सगळे भागते. भारताच्या पुरुष हॉकी संघाची धुरा वाहिली ती हरमनप्रीत सिंग यांनी, महिला क्रिकेट संघाची वाहिली ती हरमनप्रीत कौर यांनी, आणि दोघांचे मानधन एकमेकांच्या खात्यात गेल्याचे ऐकिवात नाही.

हिवाळ्यात यवतमाळला स्वेटर विकायला बसणाऱ्या तिबेटी दुकानदाराचे नाव तेनझिन, आणि त्याच्या शेजारच्या दुकानातील बाईंचेही नाव तेनझिन. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला १९७२ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे, हे मला ठाऊक होते. पण तेनझिन म्हणजे धर्म धारण करणारा, आणि दलाई लामांच्या नावातलाच हा शब्द असल्यामुळे तो मुलामुलींना सारख्याच श्रद्धेने दिला जातो, हे त्या दिवशी कळले. त्यांच्यात आणि शेर्पांमध्ये जन्मवारावरूनही नाव ठेवतात. पासांग म्हणजे शुक्रवार. मग तो पासांग असो वा ती पासांग. १९९३ साली एव्हरेस्टवर पोहोचलेली पहिली नेपाळी स्त्री पासांग ल्हामू शेर्पा ही अशीच शुक्रवारची. नवजात बालकाचा वार पाहायचा आणि नाव लिहून मोकळे व्हायचे, ही पद्धत आत्याला कळली असती, तर तिने किरणही शोधला नसता. बाईंनी आणखी सांगितले, की पेमा म्हणजे कमळ आणि हेही नाव दोघांना चालते. अरुणाचल प्रदेशाचे मुख्यमंत्री झालेले पेमा खांडू हे त्या अर्थाने आमच्या गल्लीतील कमलबाईंचे नावबंधूच ठरतात. कमलबाईंना या प्रकाराची सवय आहे. सीमेपलीकडच्या छिंदवाड्यातून कमलनाथ अनेक वेळा लोकसभेवर निवडून गेले, आणि प्रत्येक वेळी गल्लीतील टवाळ मंडळींनी कमलबाईंकडे पेढे मागितले.

सर्वांत मोठा शोध मात्र माझ्या पत्नीने लावला. एका रात्री मोबाइलवर वाचता वाचता ती ताडकन उठून बसली आणि म्हणाली, "अहो, आपल्या नावाचा खटला जर्मनीच्या सर्वोच्च दरबारात चालला होता." आणि ते अक्षरशः खरे होते. भारताशी नाते असलेल्या तेथील एका कुटुंबाने आपल्या मुलीचे नाव किरण ठेवले. नोंदणी कार्यालयाने हरकत घेतली, की या नावावरून मूल मुलगा आहे की मुलगी हे समजत नाही, तेव्हा सोबत लिंगदर्शक असे दुसरे नाव जोडावे. प्रकरण वर चढत चढत कार्ल्सरूहे येथील घटनात्मक न्यायालयापर्यंत गेले, आणि ५ डिसेंबर २००८ रोजी त्या न्यायालयाने निर्णय दिला, की नावावरून लिंग कळलेच पाहिजे असा कायदा नाही; मुलीच्या हिताला बाधा येत नसेल, तर नुसते किरण पुरेसे आहे. हा निर्णय मी छापून घेतला आणि पुढच्या वेळी तालुक्याला जाताना सोबत नेला. पहिल्या मेजावरील गृहस्थाने तो उलटसुलट करून पाहिला, आणि यावर सरपंचाचा शिक्का नाही, असे सांगून परत केला.

आइसलँडमधील एका मुलीची कथा याहून हृदयद्रावक आहे. ब्लाएर म्हणजे वाऱ्याची मंद झुळूक. पण हा शब्द तेथील व्याकरणात पुल्लिंगी असल्यामुळे तो मुलीला देता येणार नाही, असे नावांच्या अधिकृत समितीने ठरवले. समितीवर आमच्या काकाजींसारखे कोणी तरी असले पाहिजे. परिणामी, ती पंधरा वर्षांची होईपर्यंत सरकारी कागदांवर तिचे नाव नुसते 'मुलगी' असे राहिले, आणि २०१३ मध्ये रेक्याविकच्या न्यायालयाने तिची झुळूक तिला परत दिली. नवराबायकोचे नाव एकच असल्याचे उदाहरणही सापडले. इंग्रज लेखक एव्हलिन वॉ यांनी १९२८ मध्ये जिच्याशी विवाह केला, तिचे नावही एव्हलिनच होते. मित्रमंडळी त्यांना 'तो एव्हलिन' आणि 'ती एव्हलिन' म्हणत. ते लग्न दोन वर्षेही धड टिकले नाही, ही माहिती पत्नीने मला दिली, आणि नंतर बराच वेळ ती दुसरे काही बोलली नाही.

आमच्याकडे मराठी क्रियापद निदान तोंडी व्यवहारात लाज राखते. किरण आला आणि किरण आली, यांत घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो कागदावर, कारण कागदाला क्रियापद नसते. एका मतदार यादीत मी स्त्री झालो, ही बातमी पसरताच गावातील काही धोरणी मंडळी सायंकाळी ओसरीवर येऊन बसली. महाराष्ट्रातील पंचायतींत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, त्यात आमच्या प्रभागाची जागा महिला राखीव निघाली आहे, आणि उमेदवार तर यादीतच तयार आहे, असा त्यांचा हिशेब होता. मी त्यांना चहा दिला आणि नकार दिला. २०२४ मध्ये महिलांना दरमहा १५०० रुपये देणारी लाडकी बहीण योजना सुरू झाली, तेव्हा हेच लोक मला पारावर थांबवून "हप्ता जमा झाला का, ताई?" असे विचारीत. जिला तो खरोखर मिळायला हवा होता, तिचा अर्ज त्या वेळी पहिल्या आणि दुसऱ्या मेजामधल्या प्रवासात होता.

आम्हाला मुलगी झाली, तेव्हा तिचे नाव तरी निःसंदिग्ध ठेवायचे, असे आम्ही ठरवले. वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे; रुक्मिणी तेथली, म्हणजे आपल्याच विदर्भाची लेक, आणि रुक्मिणी नावाचा पुरुष मी तरी अजून पाहिलेला नाही. नाव पक्के झाले. परंतु १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारने आईचे नाव सक्तीचे केले आहे: आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव. निर्णय उत्तमच आहे आणि मी त्याचे जाहीर स्वागत केले होते. ते मी 'रुक्मिणी किरण किरण' असे अर्जावर लिहिण्यापूर्वीचे आहे. छापून आलेल्या दाखल्यावर अर्थातच एकच किरण उरला होता. मी विचारले, की यात आईचे नाव राहिले आहे की वडिलांचे. खिडकीमागच्या तरुणाने शांतपणे सांगितले, "कोनतं तरी एक हाय ना, भाऊ."

पत्नीचे म्हणणे असे, की नियमाप्रमाणे आईचे नाव आधी येते, म्हणून छापलेला किरण निर्विवादपणे तिचा आहे, आणि गहाळ झालेला मी आहे. तेव्हा दुरुस्तीचा अर्ज मीच करावा, हे ओघाने आले. मुलीच्या जन्मदाखल्यावर वडिलांचे नाव नोंदवून मिळण्याबाबत, असा विषय लिहून मी तो दिला. अर्जाच्या तळाशी अर्जदाराच्या नावाआधी 'श्री./श्रीमती' असे छापलेले असून लागू नसेल ते खोडावे, अशी सूचना आहे. मी पेन उघडण्याआधीच खिडकीमागच्या तरुणाने माझे नाव वाचले आणि माझे श्रम वाचवण्यासाठी त्यातला 'श्री.' खोडून टाकला.