‘अर्धा इंच सांगितला, तीन इंच उडवले’: पार्लरकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढल्यावर वाचला. अर्धा इंच सांगितला होता, तीन इंच उडवले, वर ९०० रुपये घेतले, महिन्याभरात पुन्हा फाटे फुटले, आणि एक स्टार. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. कात्री लावायच्या आधी किती जाणार ते बोटावर मोजून दाखवायला हवं होतं, ते राहिलं. चूक माझी.

पण तीन इंच नाही हो ताई, दीड इंच! हे लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण ते तीन इंच वाचल्यावर कुरळ्या केसांची कोणती मुलगी माझ्या खुर्चीत बसेल?

तुम्ही दोन फोटो टाकलेत, आधीचा आणि नंतरचा. आधीच्या फोटोत केस इस्त्री केलेले आहेत. आदल्या दिवशी साखरपुडा होता, तुम्हीच सांगितलंत. नंतरच्या फोटोत ते धुऊन आपल्या मूळ वळणावर आलेत. कुरळा केस मोकळा झाला की स्प्रिंगसारखा वर चढतो. त्यात दीड इंच कापलेला, उरलेलं सगळं तुमच्या केसांचं वळण आहे ताई. ते मी कुठे नेलं नाही.

दीड तरी का, तर तुमची एक बट काळ्या एप्रनवर धरून मी दाखवली होती. टोकाला बेचकी, तिच्या जरा वर पांढरा ठिपका, आणि हलक्या हाताने ओढली तर तिथेच तुटली. फाटा अर्ध्या इंचावर थांबलेला नव्हता. अर्धवट ठेवला तर तो वर चिरत जातो. सीरमने तो जुळत नाही, पुढच्या धुण्यापर्यंत चिकटल्यासारखा दिसतो फक्त. मी तुम्हाला बाटली खपवू शकले असते, नाही खपवली. ‘इथपर्यंत घेऊ ना?’ असं दोनदा विचारलं. तुम्ही फोनवर होतात, मान हलवलीत. ती मला हलवली की फोनवरच्या माणसाला, देव जाणे.

९०० चं म्हणाल तर पाऊण तास नुसता गुंता सोडवण्यात गेला. कंडिशनर लावून, मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकाकडून वर. साडेचारची वेळ होती, तुम्ही सव्वापाचला आलात, तरी घाई केली नाही. असो.

आता पुन्हा फुटलेले फाटे. राग मानू नका, पण केस ओलसर असतानाच २०० डिग्रीवर इस्त्री फिरवली, चर्र आवाज आला, हे तुम्हीच हसत सांगितलं होतं. आतलं पाणी उकळून केस आतून फुटतो तो त्यानेच. केस कापल्यानंतरही तशीच इस्त्री झाली असेल तर माझी कात्री काय करणार? कुरळ्या केसाला मुळातच तेल कमी पोचतं, डोक्यावरचा तेलकटपणा वळणं घेत टोकापर्यंत उतरत नाही. म्हणून टोकाला कंडिशनर हवाच. टॉवेलने खसाखसा पुसू नका, जुन्या सुती टी-शर्टने टिपा. ओल्या केसांचा अंबाडा नको. आणि गाडीवर आपण पुण्याच्या बायका स्कार्फ करकचून बांधतो ना, त्याच्या आत साटीनचा तुकडा घाला, घर्षण कमी होतं.

केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात, म्हणजे दीड इंच तीन महिन्यांत भरून येईल. पार्लरला १४ वर्षं झाली, तुमच्या त्या ‘तीन इंच’च्या एका ओळीने रात्रभर झोप लागली नाही.

यापुढे आधी फोटो काढायचा, मापाचं काहीतरी करायचं ठरवलंय, दरपत्रकही लावायचंय. तुम्ही केव्हाही या, टोकं बघून देईन, पैसे घेणार नाही. फक्त इस्त्री न करता या. सोमवारी बंद असतं. तुमचा तपकिरी क्लचर इथेच राहिलाय, काउंटरच्या खणात ठेवलाय.